ऑइल जातंय कुठे? थेंब नाही, धूर नाही, आणि ७०० किलोमीटरला लिटरभर गायब

मळेकरी | ६ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचक होतो, आता गरज पडली म्हणून लिहितोय. सांभाळून घ्या.

गाडी २०११ ची पिकअप, २.५ लिटर टर्बो डिझेल, बीएस-३. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद "तरी म्हणत होतो ती घेऊ नको" असे येतील. मीटरला २ लाख ८६ हजार. सेकंड ओनर आहे, सात वर्षं माझ्याकडे आहे. ओतूरहून माळशेज उतरून वाशी मार्केट, आठवड्याला तीन खेपा. जाताना कोथिंबीर, मेथी, टोमॅटो, जे निघेल ते. येताना रिकामी. जाऊन-येऊन तीनशे किमी धरा.

दिवाळीच्या आसपास लक्षात आलं की ऑइलची काडी खालच्या खुणेला टेकतेय. लिटरभर टाकलं. पाच-सहा दिवसांत परत तेच. तेव्हापासून दर आठवड्याला लिटर-सव्वा लिटर ओततोय. गाडीखाली अंगणात पुठ्ठा टाकून ठेवतो, सकाळी दोन-तीन ठिपके असतात, जास्त नाही. धूर दिसत नाही. गाडीची ओढ कमी झालेली नाही, अ‍ॅव्हरेज बारा देते. गावातल्या मिस्त्रींनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावं लागेल, ६५ हजार धरून चाला."

६५ हजार म्हणजे माझी अख्खी कोथिंबीर. त्याआधी कुणाला काही सुचत असेल तर सांगा.

---

चहाबिस्कूट | ६ जानेवारी, रात्री ९:५८

गाडी टू-स्ट्रोक झाली आहे. अभिनंदन. आता पंपावर ऑइल मिक्स करूनच डिझेल भरत जा.

(हलकं घ्या. जाणकार येईपर्यंत धागा वर ठेवतोय.)

---

पानापकड | ६ जानेवारी, रात्री १०:२०

दादा, कोल्हापुरात माझं छोटं गॅरेज आहे. तुमच्या मिस्त्रींना लगेच चुकीचं ठरवत नाही. तीन लाखाला आलेल्या गाडीत रिंग-लायनर (लायनर म्हणजे सिलेंडरची आतली भिंत) झिजणं नवीन नाही. पण रिंग गेली असेल तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरचा दाब रिंगांतून निसटून खाली येणं, दिसायला पाहिजे. इंजिन गरम करा, स्लोवर ठेवा, टॅपेट कव्हरवरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या पत्र्यावरचं) ऑइल टाकायचं झाकण उघडून तिथंच उलटं ठेवा. झाकण नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा भकाभका धूर आला तर मिस्त्री बरोबर.

---

फलटणची_नीलम | ६ जानेवारी, रात्री १०:४७

आमच्या दूध संकलनाच्या तीन पिकअप आहेत, त्यातली एक २००९ ची. माझा अनुभव इंजिनचा कमी आणि ड्रायव्हर लोकांचा जास्त आहे, तरी सांगते. आमच्याकडे एक गाडी "ऑइल खाते" म्हणून महिनाभर आरडाओरडा चालला होता. एक ड्रायव्हर डेअरीच्या उतारावर मोजायचा, दुसरा खेपेहून आल्या आल्या काडी काढायचा. इंजिन बंद केल्यावर वरचं ऑइल चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या टाकीत) उतरायला वेळ लागतो, तोवर काडी कमीच दाखवणार. तो बिचारा दर वेळी अर्धा लिटर ओतायचा, वरच्या खुणेच्याही वर गेलं, मग ते क्रँकने घुसळून फेस होऊन ब्रिदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपातून) बाहेर. म्हणजे ओतत होते म्हणूनच जात होतं!

मळेकरीदादा, आधी वही करा. रोज एकाच जागी, सपाट फरशीवर, रात्रभर थंड झालेली गाडी, सकाळी स्टार्ट करायच्या आधी. आणि अंदाजाने ओतू नका. मापाच्या बाटलीने त्याच खुणेपर्यंत भरा, किती मिली लागलं ते किलोमीटरसकट लिहा.

---

मस्कतवाला | ७ जानेवारी, सकाळी ८:१५

मूळचा चिपळूणचा, इथे एका कंपनीच्या गाड्यांचं मेंटेनन्स बघतो. आमच्याकडच्या पिकअप पेट्रोल आहेत. त्यांच्यात अशी केस आली की आम्ही आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रिदरच्या वाटेवरची झडप) आणि व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरची ऑइल अडवणारी टोपी) बघतो. व्हॉल्व्ह सीलची खूण अशी: लांब उतार गिअरमध्ये उतरून आलात आणि खाली पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की निळा धूर. तुम्ही तर रोज माळशेज उतरता. पायथ्याला आरशात बघा.

---

डबलक्लच | ७ जानेवारी, सकाळी ११:०५

मस्कतवाले साहेब, खूण बरोबर आहे पण ती पेट्रोलची. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की थ्रॉटल बंद होतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरला हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली ओढतो. या जुन्या डिझेलला थ्रॉटलच नाही, हवा कायम मोकळी. त्यामुळे डिझेलमध्ये व्हॉल्व्ह सीलला एवढ्या ऑइलचा दोष देताना मी दहादा विचार करीन.

एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. आमचे फोरमन म्हणायचे, ऑइलला तीनच वाटा. बाहेर पडतं, आत जळतं, नाहीतर दुसऱ्याच्या घरात जातं. पहिल्या दोन सगळे बघतात. तिसरी कुणी बघत नाही. तर आधी ती बघा:

रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावर उघडा. वर काळी तेलकट साय आहे का? ऑइल कूलर फुटला तर चालू गाडीत ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून ऑइल पाण्यात जातं. सगळे काडीवर दुधाळ ऑइल शोधत बसतात आणि पाणी बघायचं राहून जातं.

दुसरं, तुमचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असेल. त्याला इंजिनचंच ऑइल जातं. तिथून ब्रेक बूस्टरला (ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या डब्याला) जाणारा पाइप काढा आणि आत बोट फिरवा. कोरडा पाहिजे. ओला असेल तर ऑइल बूस्टरमध्ये साठतंय, आणि मग ऑइलपेक्षा ब्रेकची काळजी करा.

आणि एक प्रश्न. ऑइल कमी व्हायच्या आधी गाडीचं शेवटचं काय काम झालं होतं?

---

मळेकरी | ८ जानेवारी, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. नीलमताई, वही केली. मुलीची जुनी गणिताची वही आहे, अर्धी कोरी होती.

काका, रेडिएटर बघितला, पाणी स्वच्छ, साय नाही. बूस्टरचा पाइप काढला, बोट कोरडं. अल्टरनेटरच्या पाठीला थोडा चिकट मळ आहे, पण ओघळ नाही. झाकण उलटं ठेवून बघितलं, थरथरतं, उडत नाही, हलकी वाफ येते.

काम काही झालेलं नाही. सर्व्हिसिंग तेवढं वेळच्या वेळी.

---

आकडेमोड | ८ जानेवारी, रात्री ९:५०

चाकणला नोकरी करतो, रिकाम्या वेळात आकडे लावतो. "धूर दिसत नाही, म्हणजे जळत नाही" याबद्दल थोडं.

७०० किमीला १ लिटर. सरासरी ताशी ३५ धरली तर २० तास इंजिन चाललं. चार सिलेंडर, २००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ४००० पॉवर स्ट्रोक. वीस तासांत ४८ लाख. एक लिटर भागिले ४८ लाख म्हणजे एका स्ट्रोकला ०.०००२ मिली. ऑइलचा एक थेंब ०.०५ मिलीचा धरला तर तो जवळजवळ अडीचशे स्ट्रोकमध्ये वाटून जळतोय. सतत जळत असेल तर दिवसाउजेडी धूर दिसेलच असं नाही.

आता उलट बाजू. हाच लिटर बाहेर गळत असेल तर वीस हजार थेंब होतात. वीस तास म्हणजे ७२ हजार सेकंद. साडेतीन सेकंदाला एक थेंब. पुठ्ठ्यावर दोन ठिपके पडतात, त्यात हा हिशेब बसत नाही. पण पुठ्ठा बंद गाडीखाली असतो! प्रेशर असतं ते गाडी चालू असताना. चालत्या गाडीतलं गळणं वाऱ्याने मागे उडतं, नाहीतर सायलेन्सरवर जळतं.

शिवाय ७०० किमीला तुम्ही ५८ लिटर डिझेल जाळता, म्हणजे ऑइल डिझेलच्या १.७ टक्के. जुन्या इंजिनालाही हे फार झालं. कित्येक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किमीला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, तुम्ही त्याच्या जवळजवळ तिप्पट आहात.

---

चहाबिस्कूट | ८ जानेवारी, रात्री ९:५६

आकडेमोड यांना दंडवत. मी थेंब मोजायला बसलो होतो, झोप लागली.

---

पानापकड | ८ जानेवारी, रात्री १०:३०

मग बाहेरचं गळणं एकदा नक्की करून टाका. सोपा उपाय. इंजिन डिझेलने ब्रश मारून धुवा, पाण्याने साफ करा, वाळू द्या. मग टॅपेट कव्हर, फिल्टरची जागा, फ्रंट कव्हर, बेलहाऊसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाची) सांध, सगळीकडे अंगाला लावायची पावडर मारा. टाल्कम, कुठलीही. वीस-तीस किमी लोडने चालवून या. जिथून येतंय तिथं पांढऱ्यावर काळी रेघ दिसते. गळतं एकीकडे आणि ठिपका पडतो भलतीकडे, त्यावर याच्यासारखं औषध नाही.

बेलहाऊसिंगच्या खाली ओलं सापडलं तर बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास येतो. इंजिन ऑइल काळं आणि जळकट. मागचं क्रँक सील समजून गिअरबॉक्सच्या सीलपायी गिअरबॉक्स उतरवलेले लोक आहेत. (त्यातला एक मी, शिकाऊ असताना.)

---

मळेकरी | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

पावडर लावली. घरातला गुलाबाच्या वासाचा डबा संपला, बायकोने डब्याचा हिशेब मागितला. बनकर फाट्यापर्यंत गेलो आणि परत आलो, बॉनेट उघडलं तर देवळात आल्यासारखा वास.

सापडलं! टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, फायरवॉलच्या बाजूला, जिथं हात पण नीट जात नाही तिथून बारीक काळी रेघ खाली सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर. तिथं पावडर भाजून तपकिरी झालीय. आता आठवतं, टोलला थांबलो की जळका वास यायचा. मला वाटायचं पुढच्या ट्रकचा क्लच.

पॅकिंग बदललं, २४० रुपये. बाकी इंजिनवर पावडर जशीच्या तशी पांढरी.

वहीतले आकडे: पॅकिंगच्या आधी ६०० किमीला ८७० मिली. आता बघू.

---

फलटणची_नीलम | १२ जानेवारी, रात्री ८:००

छान! तिळगूळ घ्या. पण अजून दोन खेपा मोजल्याशिवाय "सापडलं" म्हणू नका.

---

मळेकरी | १८ जानेवारी, रात्री ९:१०

ताई, तुमची जीभ काळी आहे. दोन खेपा, ६०० किमी, ७४० मिली. म्हणजे पॅकिंगमधून १३० जात होतं. उरलेलं कुठे जातंय ते तसंच.

आळेफाट्याला दुसऱ्या गॅरेजमध्ये चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) काढलं. २६, २५, २६, २२. चौथा कमी आहे. त्यांनीही रिंगच सांगितली. खरं सांगू, आता वाटायला लागलंय की करून टाकावं काम.

---

इंजिनबाबा | १८ जानेवारी, रात्री ९:३५

एवढा कुटाणा कशाला? १५डब्ल्यू४० ऑइल काढा, जास्त घट्ट २०डब्ल्यू५० टाका, सोबत ते घट्ट करणारं औषध मिळतं त्याची बाटली. आमच्या जुन्या जीपला चार वर्षं काढली.

---

डबलक्लच | १८ जानेवारी, रात्री १०:२०

इंजिनबाबा, जीपला टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) नव्हता. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारते आणि नुसत्या ऑइलच्या पडद्यावर तरंगते. जानेवारीच्या पहाटे ओतूरसारख्या ठिकाणी घट्ट ऑइल वर पोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ ती कोरडी फिरते. आज ऑइल वाचेल आणि उद्या टर्बो जाईल.

मळेकरी, घाई नको. चौथ्या सिलेंडरला २२ म्हणजे झीज आहे, नाकारत नाही. पण झिजलेली गाडी वर्षानुवर्षं हळूहळू जास्त पिते. तुमची दिवाळीत अचानक प्यायला लागली. रिंग तुटली असती तर त्या सिलेंडरचा आकडा याहून खाली गेला असता आणि झाकण थरथरण्यावर भागलं नसतं. आणि हो, सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन काढायची युक्ती कुणी सांगेल, ती डिझेलला विश्वासाची नाही. वरची जागाच इतकी कमी असते की ऑइलनेच आकडा चढतो.

तुम्ही धूर बघता कधी? मार्केटची गाडी रात्रीच निघत असणार.

---

मळेकरी | १८ जानेवारी, रात्री १०:४१

दीडला निघतो काका. अंधारात आरशात काय दिसणार.

---

फलटणची_नीलम | १९ जानेवारी, सकाळी ७:२०

मग मागच्या गाडीला विचारा! तुमच्या गावातून एकटेच थोडे जाता.

---

मळेकरी | २१ जानेवारी, दुपारी १:३०

ऐका. काल रात्री गावातला मित्र त्याची गाडी घेऊन मागे लागला. मढच्या पठारावर काही नाही. घाट सेकंड-थर्डमध्ये उतरलो, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाहीच. खाली मोरोशीच्या सपाटीला आलो, फोर्थ टाकला, पाय दिला, आणि त्याने मागून डिपर मारायला सुरुवात केली. थांबलो. म्हणे, "तुझ्या गाडीने माझ्या लाइटसमोर निळी चादर टाकली, किलोमीटरभर रस्ता दिसेना." टोकावड्यापर्यंत कमी होत गेली, मग बंद.

चार वर्षं आम्ही मागे-पुढे जातो. त्याला आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणतो, मला वाटलं धुकं.

---

मस्कतवाला | २१ जानेवारी, दुपारी २:५०

मी म्हटलं होतं! घाट उतरल्यावर.

---

डबलक्लच | २१ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

मान्य, मस्कतवाले. तुमची खूण खरी ठरली, कारण मात्र वेगळं निघेल असं वाटतं. उतारावर पाय नाही म्हणजे टर्बोचं प्रेशर नाही. प्रेशर असतं तेव्हा ते टर्बोच्या सीलवर बाहेरून दाब ठेवतं आणि ऑइल आतच राहतं. प्रेशर गेलं, आत ऑइल तुंबलेलं असलं, की ते हवेच्या बाजूला झिरपतं, इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) साठतं. सपाटीला पाय दिला की सगळं एकदम सिलेंडरमध्ये. निळी चादर ती.

इंटरकूलरचा खालचा होस काढा, खाली भांडं धरा. आणि एअर फिल्टर बघा, चोंदलेला असेल तर तोही ऑइल ओढायला मदत करतो.

---

मळेकरी | २२ जानेवारी, सकाळी १०:१५

होस काढला. दोन चहाचे कप भरून काळं ऑइल. होसच्या आत हात घातला तर कोपरापर्यंत. फिल्टर बरा आहे, झटकून लावला.

आळेफाटावाले म्हणतात टर्बो गेला, २२ हजार.

---

पानापकड | २२ जानेवारी, सकाळी ११:००

थांबा, टर्बो मागवू नका. इंटरकूलरला ऑइल दोन ठिकाणांहून येतं. एक टर्बोचं सील, दुसरं ब्रिदर, कारण ब्रिदरचा पाइप टर्बोच्या आधी हवेच्या पाइपला जोडलेला असतो. थोडं ऑइल तिथून नेहमीच येतं. कोण दोषी ते वेगळं करा. ब्रिदरचा पाइप हवेच्या पाइपातून काढून प्लास्टिकच्या बाटलीत सोडा, बाटलीच्या झाकणाला दुसरं भोक पाडा म्हणजे हवा कोंडणार नाही, कोंडली तर सीलं उडतील. हवेच्या पाइपाचं उघडं तोंड पक्कं बंद करा, नाहीतर धूळ सरळ इंजिनात. बाटली सायलेन्सरपासून लांब बांधा. दोन खेपा मारा. हे फक्त चाचणीपुरतं, नंतर जसं होतं तसं जोडा.

टर्बोची दांडीही हलवून बघा. वर-खाली किंचित हलली तर चालतं. आत-बाहेर हलली किंवा पंखा घराला घासला असेल तर गेला.

---

चहाबिस्कूट | २२ जानेवारी, सकाळी ११:२०

धागा वाचनखुणेत टाकला. माझ्याकडे सायकल आहे.

---

मळेकरी | २७ जानेवारी, रात्री ९:००

६०० किमी. एकूण लागलं ७२० मिली. बाटलीत जमलं ८० मिली. इंटरकूलरचा होस परत ओला.

टर्बोची दांडी आत-बाहेर अजिबात नाही. वर-खाली म्हटलं तर आहे, म्हटलं तर नाही. पाती सगळी धड, घासल्याची खूण नाही.

---

डबलक्लच | २७ जानेवारी, रात्री ९:४५

मग ब्रिदर निर्दोष सुटला, आणि दांडी धड असताना टर्बो ऑइल फेकतोय. आता त्याचा रिटर्न पाइप उघडा.

टर्बोला ऑइल वरून बारीक पाइपने प्रेशरने येतं आणि खालून जाडजूड पाइपने नुसतं आपल्या वजनाने उतरतं. लोक विचारतात, येणारा पाइप काडीएवढा आणि जाणारा अंगठ्याएवढा का? कारण फिरून फिरून त्याचा फेस झालेला असतो आणि मागे ढकलायला प्रेशर नसतं. टर्बोचं सील म्हणजे रबर नव्हे, पिस्टन रिंगसारखी बारीक कडी असते. ती वाहतं ऑइल अडवते, तुंबलेलं अडवत नाही. मोरी तुंबल्यावर पाणी घरात येतं, त्यात उंबऱ्याचा काय दोष?

रिटर्नला वाक पडलाय का, कार्बन जमलाय का, पॅकिंग आत सरकलंय का, हे बघा. आणि माझा पहिल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा. काम काय झालं होतं?

---

मळेकरी | २७ जानेवारी, रात्री १०:३०

काका, आठवलं. लिहायची लाज वाटतेय.

गणपतीत बांधावरून गाडी काढताना चेंबर दगडाला बसला होता. चेंबर उतरवून ठोकून घेतला, नवीन पॅकिंग टाकलं. मी ते "काम" धरलंच नाही, कारण इंजिन उघडलं नव्हतं. आमच्या इंजिनात टर्बोचा रिटर्न खाली चेंबरलाच मिळतो, तो सोडल्याशिवाय चेंबर निघत नाही.

---

पानापकड | २७ जानेवारी, रात्री १०:३४

लाल पेस्ट.

पैज.

---

मळेकरी | २९ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

पानापकड भाऊ, पैज जिंकलात.

खालच्या फ्लँजला कागदी पॅकिंगच नव्हतं, नुसती लाल सिलिकॉन पेस्ट. बोल्ट आवळल्यावर ती दाबून आत आलेली, पाइपाच्या तोंडाशी गोल ओठासारखी, आणि त्या ओठावर काळा चिखल साचलेला. अंगठा जाईल एवढ्या भोकात करंगळीचं टोकसुद्धा जात नव्हतं. सुरीने कापून काढली, वालाच्या शेंगेएवढा तुकडा निघाला. डिझेल ओतून बघितलं, आधी थेंब थेंब उतरत होतं, आता सरळ धार.

नवीन पॅकिंग ६० रुपये, मजुरी ५००. आता इंटरकूलर उतरवून डिझेलने धुतोय, उद्या जोडतो.

---

पानापकड | २९ जानेवारी, संध्याकाळी ६:५२

थांबा. डिझेलने धुतलेला इंटरकूलर ओला जोडू नका.

उभा करून रात्रभर निथळू द्या, मग कंप्रेसरची हवा मारा, उन्हात ठेवा. पांढरं फडकं आत फिरवल्यावर कोरडं निघालं पाहिजे. आत वाटीभर डिझेल किंवा ऑइल राहिलं आणि स्टार्ट मारला, तर इंजिन हवेबरोबर तेच पिऊन पळत सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण पंपाचं डिझेल त्याला लागतच नाही. एकदा बघितलंय. सगळे पाने टाकून पळाले होते.

आणि तशी वेळ आलीच तर: ब्रेक पूर्ण दाबा, टॉप गिअर टाका, क्लच झटक्यात सोडा, बंद पडेल. न्यूट्रलला उभी असेल तर हवेच्या पाइपाचं तोंड जाड फळीने दाबून बंद करायचं. हात लावायचा नाही, फडकंही नाही, आत ओढलं जातं.

---

मळेकरी | २९ जानेवारी, संध्याकाळी ७:०५

बरं झालं लिहिलंत. निथळायला टांगून ठेवलाय, आंब्याच्या फांदीला.

---

मळेकरी | १४ फेब्रुवारी, रात्री ८:५०

वहीतून उतरवतोय. सगळं मापाने, सकाळी, त्याच फरशीवर:

पहिले ६०० किमी: २६० मिली
पुढचे ६०० किमी: १९० मिली
पुढचे ९०० किमी: २७० मिली

मित्र परत मागे होता. मोरोशीला काही नाही. आता खरंच धुकं असलं तरच धुकं.

---

आकडेमोड | १४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

शेवटचे दोन धरले तर हजारला ३०० मिली. म्हणजे सव्वातीन हजार किमीला लिटर. डिझेलच्या ०.४ टक्क्यांच्या आत. तीन लाखाच्या इंजिनाला मी याबद्दल काही बोलणार नाही.

---

डबलक्लच | १४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

छान. पण चौथ्या सिलेंडरचे २२ कुठे गेले नाहीत. त्याचा नोझलही (डिझेल फवारणारा) काढून तपासून घ्या, खराब नोझल लायनरवरचं ऑइल धुऊन टाकतो. आणि तीन महिने डिझेल-ऑइलचं ओझं ओढलंय, तर पुढचं ऑइल-फिल्टर मुदतीच्या आधीच बदला. काडीवरची पातळी कधी वर चढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइलमध्ये डिझेल उतरतंय असं समजा.

---

मळेकरी | १४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

होय काका. नोझल या आठवड्यात. रिंगचं काम टोमॅटो संपल्यावर बघू, त्याचेही पैसे टोमॅटोनेच द्यायचेत.

ज्यांनी चेंबर बसवला त्यांच्याकडे तुकडा घेऊन गेलो होतो. भांडायला नाही, दाखवायला. त्यांनी हातात घेतला, वास घेतला, म्हणाले, "माल चांगला होता हो, बघा अजून लवचीक आहे."

---

नवखा_चालक | १५ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

अख्खा धागा रात्री वाचून काढला. माझी २०१४ ची, तीच लक्षणं, फक्त घाट नाही, नगर-दौंड सपाट रस्ता. काम काही झालेलं नाही. रिंगा असतील का?

---

फलटणची_नीलम | १५ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

काम काही झालेलं नाही, हे पुन्हा एकदा आठवून सांगा. आणि वही आहे का?